हाय व्होल्टेज सप्लायची संरक्षण सर्किट्स तपासायची कशी: टेस्ट बेंचवर नव्याने आलेल्यांसाठी

हाय व्होल्टेज पॉवर सप्लाय चालतो की नाही, हे कळायला वेळ लागत नाही. नॉब फिरवला, मीटरचा काटा वर गेला, झालं. त्यातली संरक्षण सर्किट्स चालतात की नाही, हे मात्र असं दिसत नाही. ओव्हरव्होल्टेज ट्रिप (व्होल्टेज मर्यादेपलीकडे गेलं की सप्लाय बंद करणारी), करंट लिमिट, दाराचा इंटरलॉक (दार उघडलं की सप्लाय बंद करणारा), ब्लीडर (बंद केल्यावर साठलेला चार्ज उतरवणारा रेझिस्टर) ही सगळी मंडळी वर्षानुवर्षं गप्प बसून असतात. त्यातलं एखादं मेलं तरी सप्लाय पहिल्यासारखाच चालत राहतो. कळतं ते खऱ्या बिघाडाच्या दिवशी, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून बिघाड आपणच ठरवून, लहान प्रमाणात घडवायचा आणि कोण जागं आहे ते पाहायचं.

त्यासाठी एक नियम धरून चाला. जे संरक्षण तपासताय ते चालणारच नाही, असं समजून तयारी करा. प्रत्येक चाचणीआधी विचारा: हे ट्रिप झालं नाही, तर सप्लाय कोण बंद करणार? उत्तर तयार नसेल तर स्विचला हात लावू नका. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नातून निघतात.

हा लेख इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा किंवा डिग्री करून नुकतेच टेस्ट बेंचवर बसलेल्यांसाठी आहे, आणि शेजारी एखादा अनुभवी माणूस उभा आहे असं त्यात गृहीत धरलं आहे. घरी एकट्याने करायचा हा प्रयोग नाही. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरवर तर अजिबातच नाही. त्यातून येणाऱ्या दोनेक हजार व्होल्टच्या मागे शेकडो मिलिॲम्पिअरची ताकद असते आणि चूक सुधारायला दुसरी संधी मिळत नाही.

उदाहरणाचा सप्लाय

हवेत बोलण्यापेक्षा एक सप्लाय डोळ्यांसमोर ठेवू. आउटपुट ३० किलोव्होल्ट, १ मिलिॲम्पिअर. इलेक्ट्रोस्पिनिंगच्या (हाय व्होल्टेजने द्रावणातून बारीक तंतू ओढण्याच्या) प्रयोगाला लागतो तसा. इनपुट २४ व्होल्ट डीसी, पुढे पुश-पुल इन्व्हर्टर, फेराइटचा ट्रान्सफॉर्मर आणि शेवटी डायोड-कपॅसिटरची मल्टिप्लायर साखळी. कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी १९३२ मध्ये केंब्रिजला प्रोटॉनला वेग देऊन लिथियमचं अणुकेंद्र फोडलं, ते अशाच साखळीच्या जोरावर. आपली साखळी त्यामानाने बाळबोध आहे.

आउटपुटवरचा परिणामी कपॅसिटन्स २ नॅनोफॅरड. बाहेर पडताना १० किलोओहमचा सिरीज रेझिस्टर. व्होल्टेज मोजायला दोन स्वतंत्र डिव्हायडर (मोठं व्होल्टेज ठरावीक प्रमाणात लहान करून देणारी रेझिस्टरची जोडी), एक फीडबॅकसाठी आणि एक ओव्हरव्होल्टेज ट्रिपसाठी. दोन्हींत वर १ गिगाओहम, खाली १०० किलोओहम. म्हणजे ३० किलोव्होल्टला खालच्या टोकाशी ३ व्होल्ट मिळतात. ट्रिप ३३ किलोव्होल्टला, अर्थात ३.३ व्होल्टला ठेवलेली आहे.

डिव्हायडर दोन का, हे आधीच समजून घ्या. एकाच डिव्हायडरवरून नियंत्रण आणि ट्रिप दोन्ही घेतली, तर त्याचा वरचा रेझिस्टर तुटला की दोघांनाही आउटपुट शून्य दिसतं. कंट्रोल सर्किट बिचारं व्होल्टेज वाढवत सुटतं आणि ट्रिप स्वस्थ बसते. तुमच्या हातातल्या सप्लायमध्ये असं असेल, तर चाचणीच्या आधी डिझाइन करणाऱ्याशी बोला. ती त्रुटी कुठल्याही चाचणीने भरून निघत नाही.

पहिली पायरी: कागदावर हिशेब

कपॅसिटरमधली ऊर्जा म्हणजे कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग, भागिले दोन. २ नॅनोफॅरड आणि ३० किलोव्होल्टला ती ०.९ ज्यूल येते. जोरदार झटका बसेल, हात मागे फेकला जाईल, शिडीवर असाल तर पडाल. आता ग्राहकाने बाहेरून १० नॅनोफॅरडचा फिल्टर कपॅसिटर जोडला असं समजा. एकूण १२ नॅनोफॅरड, ऊर्जा ५.४ ज्यूल. सप्लाय तोच, ‘फक्त एक मिलिॲम्पिअरचा’, पण धोका सहापट. करंट रेटिंग पाहून निर्धास्त होणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

दुसरा हिशेब उतरण्याच्या वेळेचा. दोन्ही डिव्हायडर मिळून ५०० मेगाओहम, तेच इथे ब्लीडरचं काम करतात. २ नॅनोफॅरडशी गुणलं की टाइम कॉन्स्टंट (व्होल्टेज सुमारे ३७ टक्क्यांवर उतरायला लागणारा वेळ) १ सेकंद. ३० किलोव्होल्टवरून ५० व्होल्टवर यायला साधारण ६.४ टाइम कॉन्स्टंट लागतात, म्हणजे साडेसहा सेकंद. बाहेरचा फिल्टर धरला तर ३८ सेकंद. त्यात एक डिव्हायडर तुटलेला असेल तर ७७ सेकंद. टाइम कॉन्स्टंट आणि हे तिन्ही आकडे वहीत लिहून ठेवा, पुढे लागतील.

दुसरी पायरी: बेंच

कामाच्या जागी रबर मॅट हवी, आयएस १५६५२ या भारतीय मानकाचा शिक्का असलेली. साध्या पायपुसण्यावर भिस्त ठेवू नका. अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवा. सप्लाय चालू असताना मापं घेताना एक हात खिशात. दुसरा माणूस खोलीत हवाच, आणि तातडीने वीज तोडणारं लाल मशरूम पुशबटण कुठे आहे हे त्याला न विचारता माहीत हवं. कुणाला शॉक बसला तर आधी पुरवठा तोडायचा, मग माणसाला हात लावायचा. श्वास किंवा नाडी थांबली असेल तर सीपीआर सुरू करून १०८ ला फोन.

पॅनेलमध्ये ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवला आहे म्हणून आपण सुरक्षित, हा समज काढून टाका. आरसीसीबी मेन्सच्या फेज आणि न्यूट्रलच्या करंटमधला फरक पाहतो. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे, हाय व्होल्टेजच्या बाजूला तुम्हाला काय होतंय याचा त्याला पत्ताही लागत नाही. आणखी एक, लोक ३० किलोव्होल्टला घाबरून लांब उभे राहतात आणि मेन्सवर चालणाऱ्या सप्लायच्या इनपुट कपॅसिटरला खुशाल हात लावतात. २३० व्होल्ट रेक्टिफाय केले की तिथे ३२५ व्होल्ट डीसी साठतात, आणि त्यामागे भरपूर ताकद असते.

डिस्चार्ज रॉड स्वतःचा ठेवा. इन्सुलेटेड दांडा, टोकाला हुक, मागे लवचिक तांब्याची वायर. वायरचं आवरण पारदर्शक असलेलं बरं, आतली तार तुटलेली दिसते. वायर आधी अर्थला बांधायची, मग हुक पुढे न्यायचा. दोन टोकं असलेला रॉड सर्वांत उत्तम: पहिलं टोक १०० किलोओहममधून, दुसरं थेट. आधी रेझिस्टरमधून उतरवलं की ३० किलोव्होल्टलाही करंट ०.३ ॲम्पिअरच्या वर जात नाही, धमाका होत नाही, कपॅसिटरला इजा होत नाही. मग थेट टोक लावून ते तिथेच लटकवून ठेवायचं. काढून घ्यायचं नाही, कारण कपॅसिटरच्या डायइलेक्ट्रिकमध्ये (आतल्या इन्सुलेटरमध्ये) मुरलेला चार्ज हळूहळू परत वर येतो आणि ‘आत्ताच तर शॉर्ट केला होता’ म्हणणाऱ्याला झटका देतो. रोज सकाळी रॉडची कंटिन्युइटी मल्टिमीटरने तपासा. दोन मिनिटांचं काम आहे.

मापनासाठी १०००:१ चा हाय व्होल्टेज प्रोब लागतो. मल्टिमीटरबरोबर वापरायच्या प्रोबचा रेझिस्टन्स सहसा १ गिगाओहम असतो आणि तो १० मेगाओहम इनपुटच्या मीटरसाठीच बनवलेला असतो. काही मल्टिमीटर मिलिव्होल्ट रेंजवर इनपुट रेझिस्टन्स गिगाओहमपर्यंत नेतात, तेव्हा आकडा भलताच येतो. प्रोबची अर्थ क्लिप टोकाच्या आधी जोडायची आणि सर्वांत शेवटी काढायची. ती सुटली तर मीटर, त्याच्या लीड्स आणि तुमचा हात हाय व्होल्टेजच्या वाटेत येतात.

तिसरी पायरी: वीज न लावता

इनपुट काढलेला, रॉड लटकवलेला. आता डोळ्यांनी पाहा: पीसीबीवर काळपट रेघा, मल्टिप्लायरजवळ चिकट धूळ, टोकदार सोल्डर. मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये हे काम करत असाल तर धुळीवर दमट हवेचा थर बसून पृष्ठभागावरून करंट सरपटू लागतो आणि ट्रिपचे आकडे रोज वेगळे येतात. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, वाफ खोलीबाहेर जाऊ द्या, मगच पुढे. अल्कोहोलची वाफ आणि ठिणगी एकत्र येता कामा नये.

मग डिव्हायडरचे खालचे रेझिस्टर मोजा. वरचा १ गिगाओहम साध्या मल्टिमीटरवर दिसत नाही. त्यासाठी मेगर (इन्सुलेशन रेझिस्टन्स मोजणारा मीटर) घ्या, पण खालच्या टोकाला जोडलेले आयसी वेगळे करूनच, नाहीतर मेगर त्यांचाच बळी घेईल. वरचा रेझिस्टर एकच बसका तुकडा असेल तर शंका घ्या. पाव वॉटचा साधा रेझिस्टर अडीचशे व्होल्टच्या आसपासच हात टेकतो. ३० किलोव्होल्टला एक तर लांब, खास हाय व्होल्टेजचा रेझिस्टर हवा किंवा पुष्कळ तुकड्यांची माळ.

चौथी पायरी: इंटरलॉक

इंटरलॉकचं सर्किट नॉर्मली क्लोज्ड संपर्कांची एक साखळी असतं. कुठेही तुटलं की सप्लाय बंद. हाय व्होल्टेज सेक्शनचा २४ व्होल्ट काढून ठेवा, फक्त कंट्रोलला वीज द्या आणि इन्व्हर्टरच्या मॉस्फेटच्या गेटवर डीएसओ (डिजिटल स्टोरेज ऑसिलोस्कोप) लावा. गेट पल्स दिसत असताना एकेक दार, एकेक झाकण उघडा. प्रत्येक वेळी पल्स थांबले पाहिजेत. सगळी दारं एकदम उघडून ‘चालतंय’ म्हणू नका, त्यातला एक स्विच वर्षभर चिकटलेला असू शकतो. मग कनेक्टर उपटून पाहा. मग साखळीची वायर अर्थला टेकवून पाहा. काही सर्किटांत अर्थला टेकलेली वायर म्हणजे ‘दार बंद आहे’ असा अर्थ निघतो, आणि चेचलेली केबल नेमकं हेच करते.

दार पुन्हा लावलं की काय होतं, हे त्याहून महत्त्वाचं. सप्लाय आपोआप चालू झाला तर चाचणी नापास. लॅच (बंद अवस्था धरून ठेवणारं सर्किट) लागलाच पाहिजे आणि माणसाने रीसेट दाबल्याशिवाय सुटता कामा नये.

बंद करण्याचं काम मायक्रोकंट्रोलर करत असेल तर त्याला रीसेटमध्ये धरून ठेवा आणि दार उघडा. तरीही पल्स थांबले पाहिजेत. प्रोग्रॅम कितीही चांगला लिहिलेला असो, अडकलेल्या प्रोसेसरवर माणसाचा जीव टांगता ठेवायचा नसतो. ही चाचणी मला सगळ्यांत जास्त माहिती देणारी वाटते, आणि नेमकी हीच बहुतेक चेकलिस्टांत नसते.

कारखान्यात इंटरलॉक वैतागवाणा होतो, मग कुणीतरी त्यावर जंपर मारतो. जुना सप्लाय तपासायला आला की पहिल्यांदा तो जंपर शोधा.

पाचवी पायरी: पहिल्यांदा वीज, आणि ब्लीडर

आता २४ व्होल्ट बेंच सप्लायमधून द्या, करंट लिमिट कमी ठेवून. आउटपुट फक्त १ किलोव्होल्टपर्यंत न्या आणि सर्वांत आधी ब्लीडर तपासा, कारण पुढच्या प्रत्येक चाचणीत तुमची सुरक्षितता त्याच्यावर आहे.

इथे एक फसवणूक दडलेली आहे. प्रोब लावून ठेवून सप्लाय बंद केला आणि व्होल्टेज उतरण्याचा वेळ मोजला, तर प्रोबचा १ गिगाओहमही ब्लीडरचं काम करतो. दोन्ही डिव्हायडर ठीक असतील तर टाइम कॉन्स्टंट दोन तृतीयांश सेकंद यायला हवा. एक डिव्हायडर मेलेला असेल तर प्रोब त्याची जागा भरून काढतो आणि बरोबर १ सेकंद दाखवतो, म्हणजे तुम्ही वहीत लिहिलेला निरोगी आकडा! म्हणून दोन्ही तऱ्हांनी मोजा. एकदा प्रोब जोडलेला ठेवून. दुसऱ्यांदा प्रोब दूर ठेवून: सप्लाय बंद करा, २ सेकंद थांबा, मग प्रोबचं टोक टेकवा आणि पहिला आकडा वाचा. दोन टाइम कॉन्स्टंटनंतर १ किलोव्होल्टचे साधारण १३५ व्होल्ट राहायला हवेत. एक डिव्हायडर तुटलेला असेल तर ३७० च्या आसपास राहतील. हातानं वेळ साधताना थोडा फरक पडणारच, पण हे दोन आकडे एकमेकांत मिसळण्याइतके जवळ नाहीत.

आतल्या साखळीला हात घालायची वेळ आली तर आउटपुट शॉर्ट केला म्हणजे सगळं उतरलं असं मानू नका. मल्टिप्लायरच्या प्रत्येक टप्प्यावरचा कपॅसिटर वेगवेगळा शॉर्ट करा.

सहावी पायरी: ओव्हरव्होल्टेज ट्रिप

रिले तपासणारी मंडळी सेकंडरी इंजेक्शन आणि प्रायमरी इंजेक्शन असे दोन शब्द वापरतात, तेच इथे उपयोगी आहेत. आधी खोटा सिग्नल देऊन फक्त ट्रिप सर्किट तपासायचं, नंतर खऱ्या व्होल्टेजने संपूर्ण वाट.

सेकंडरी इंजेक्शनसाठी इन्व्हर्टरचा २४ व्होल्ट काढा. ट्रिप डिव्हायडरच्या खालच्या टोकाला बाहेरून व्होल्टेज देत हळूहळू वाढवा आणि गेट पल्स कधी थांबतात ते टिपा. ३.३ व्होल्टला, ठरलेल्या टॉलरन्समध्ये थांबले पाहिजेत.

वेळ मोजताना मात्र सावध राहा. त्या टोकावर इलेक्ट्रिकल नॉइज गाळायला १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आहे असं समजा. खऱ्या कामात तो १०० किलोओहममधून चार्ज होतो, म्हणजे १ मिलिसेकंदाचा उशीर. तुम्ही बेंच सप्लायमधून १ किलोओहम लावून सिग्नल दिलात तर तोच कपॅसिटर १० मायक्रोसेकंदांत भरतो. डीएसओवर ट्रिप झकास वेगवान दिसते, रिपोर्टमध्ये तसं लिहिलं जातं, आणि प्रत्यक्षात ती शंभरपट मंद असते. त्याऐवजी ४७० किलोओहममधून द्या. ३.३ व्होल्ट मिळायला मागे सुमारे १८.८ व्होल्ट लागतील आणि टाइम कॉन्स्टंट ०.८ मिलिसेकंदांच्या वर येईल, खऱ्याच्या जवळ. डीएसओला इथे १०:१ प्रोब लावा.

हा उशीर चालेल का? १ मिलिॲम्पिअर करंट २ नॅनोफॅरडला मिलिसेकंदाला ५०० व्होल्टने चढवतो. म्हणजे ट्रिप लागेपर्यंत आउटपुट ३३ ऐवजी ३३.५ किलोव्होल्टला पोचेल. केबल आणि कनेक्टर तेवढं सोसणारे असतील तर चालेल. हा प्रश्न विचारल्याशिवाय मिलिसेकंदाचा आकडा नुसता लिहून ठेवण्यात अर्थ नाही.

आता प्रायमरी इंजेक्शन. ३३ किलोव्होल्टपर्यंत जायची काहीच गरज नाही. ट्रिपचा रेफरन्स खाली आणा, १.१ व्होल्टला, म्हणजे ११ किलोव्होल्टला. इनपुट २४ ऐवजी १२ व्होल्ट करा. आपला पुश-पुल इन्व्हर्टर पूर्ण इनपुटवर जास्तीत जास्त ३६ किलोव्होल्टपर्यंत जात असेल, तर निम्म्या इनपुटवर १८ च्या पुढे जाऊच शकत नाही. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर हे: ट्रिप झाली नाही तरी पदार्थविज्ञान थांबवेल, आणि वर बेंच सप्लायचा स्विच दुसऱ्या माणसाच्या हाताखाली. सप्लाय फ्लायबॅक प्रकारचा असेल तर मात्र हा भरवसा नाही. लोड नसताना कमी इनपुटवरही त्याचं व्होल्टेज चढत जातं. तिथे आउटपुटला गोलकांची स्पार्क गॅप लावून वरची मर्यादा बांधावी लागते.

आउटपुट १० किलोव्होल्टवर ठेवा. बंद करा, उतरवा. फीडबॅकचा जंपर काढून कंट्रोलचा इनपुट शून्याला बांधा, म्हणजे डिव्हायडर तुटल्याचं सोंग. पुन्हा चालू करा. सप्लाय वर धावेल आणि ११ किलोव्होल्टच्या जरा वर ट्रिप व्हायला हवा. ही चाचणी पास झाली की त्या सप्लायविषयी पहिल्यांदा विश्वास वाटू लागतो.

जाता जाता: फीडबॅकच्या टोकावर साधा मल्टिमीटर लावून व्होल्टेज पाहायची सवय लावू नका. मीटरचे १० मेगाओहम खालच्या १०० किलोओहमला समांतर येतात, सिग्नल १ टक्क्याने घसरतो आणि कंट्रोल सर्किट इमानेइतबारे आउटपुट १ टक्क्याने वाढवतं.

सातवी पायरी: करंट लिमिट

नवख्यांना शॉर्ट सर्किट चाचणीची भीती वाटते. खरं तर ही सर्वांत सौम्य चाचणी आहे, शॉर्ट आधी लावला तर. आउटपुट जाड वायरने रिटर्नला बांधा, मग सप्लाय चालू करून सेटिंग शून्यापासून वाढवा. व्होल्टेज तयारच होत नसल्यामुळे ऊर्जाही साठत नाही. करंट १ मिलिॲम्पिअरला थांबला पाहिजे.

मिलिअमीटर नेहमी रिटर्नच्या बाजूला लावा, हाय व्होल्टेजच्या टोकाला कधीही नाही. त्याच्या दोन टोकांत उलटसुलट जोडलेले दोन डायोड आणि गॅस डिस्चार्ज ट्यूब हवी. मीटरचा फ्यूज उडाला तर रिटर्न लटकून हाय व्होल्टेजला जाऊ नये म्हणून.

यानंतर खरा लोड. ३० मेगाओहमसाठी ३०० किलोओहमचे १०० रेझिस्टर माळेत जोडा. प्रत्येकावर ३०० व्होल्ट, ०.३ वॉट. एक वॉटचे घ्या, पण डेटाशीटमधली कमाल व्होल्टेजची ओळही वाचा, वॉटवरून ती कळत नाही. माळ ट्रान्सफॉर्मर तेलात ठेवा. आता गंमत: ३० किलोव्होल्ट सेट केलं तरी आउटपुट २८.३ वर अडकतं. सप्लाय बिघडलेला नाही. करंट मोजणारा सेन्स रेझिस्टर दोन्ही डिव्हायडरचे ६० मायक्रोॲम्पिअरही मोजतोय, त्यामुळे लोडच्या वाट्याला पूर्ण मिलिॲम्पिअर येत नाही. ग्राहकाला पूर्ण १ मिलिॲम्पिअर द्यायचा शब्द दिला असेल तर लिमिट १.०६ ला लावावं लागेल.

लोड म्हणून व्हॅक्यूम ट्यूब जोडायचा मोह टाळा. या व्होल्टेजला व्हॅक्यूममधले इलेक्ट्रॉन धातूवर आदळले की क्ष-किरण निघतात. क्ष-किरण यंत्रांवर आपल्याकडे मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे, म्हणजे एईआरबीचे, नियम लागू होतात.

आठवी पायरी: आर्क

सप्लायला खरा मार बसतो तो इथे. चार्ज झालेलं आउटपुट अचानक जमिनीला भेटतं. १० किलोओहमच्या सिरीज रेझिस्टरमुळे करंट ३ ॲम्पिअरवर अडतो आणि २० मायक्रोसेकंदांच्या टाइम कॉन्स्टंटने ओसरतो. त्या क्षणी पूर्ण ३० किलोव्होल्ट त्या एका रेझिस्टरवर असतात, म्हणून तो लांबलचक हवा. प्रत्येक आर्कला जवळपास ०.९ ज्यूल तो एकटाच पचवतो. सेकंदाला दहा आर्क झाले तर ९ वॉट. यासाठीच आर्क मोजणारं सर्किट हवं: समजा, एका सेकंदात तीन आर्क झाले की लॅच.

चाचणीसाठी दोन गुळगुळीत डोम नट इन्सुलेटेड खांबांवर समोरासमोर बसवा. गुळगुळीत गोलकांत हवा साधारण मिलिमीटरला ३ किलोव्होल्ट धरते. टोकदार स्क्रू असतील तर बरंच आधी फुटते, म्हणून टोकं नकोत. अंतर दीड मिलिमीटर ठेवून ५ किलोव्होल्टच्या आसपास सुरुवात करा. अंतर बदलायचं ते सप्लाय बंद, आउटपुट उतरवलेलं आणि रॉड लटकवलेला असतानाच. पाहायचं हे: एका आर्कने सप्लाय कायमचा बंद पडू नये, तिसऱ्याने पडावा आणि रीसेटनंतर व्होल्टेज शून्यापासून हळूहळू चढावं. मग पायरीपायरीने वर जा.

आर्कच्या चाचणीत ट्रिप उगाचच लागते किंवा मायक्रोकंट्रोलर भलतंच वागू लागतो, तेव्हा आधी अर्थिंगकडे पाहा. सरळ वायरला मीटरमागे साधारण १ मायक्रोहेन्री इंडक्टन्स असतो. ३ ॲम्पिअर १० नॅनोसेकंदांत चढले तर एक मीटर वायरच्या दोन टोकांत ३०० व्होल्टचा फरक पडतो. मल्टिमीटरवर शून्य ओहम दाखवणारी ती अर्थ वायर त्या क्षणी अर्थ नसतेच. आर्कचा परतीचा रस्ता रुंद ब्रेडेड पट्टीने आखूड करा आणि कंट्रोल कार्डाची अर्थ त्याच रस्त्यातून नेऊ नका. डीएसओची अर्थ पिन काढून ‘फ्लोट’ करण्याचा जुना उपाय इथे जिवावर बेतेल. लॅपटॉप जोडायचाच असेल तर मध्ये ऑप्टिकल आयसोलेशन हवं.

तापमानाची ट्रिप पटकन उरकते: थर्मल स्विचला हॉट एअर गनने तापवा आणि आकडा टिपा. नुसता कनेक्टर काढून भागत नाही. एनटीसी (तापला की रेझिस्टन्स कमी होणारा सेन्सर) वापरला असेल तर मात्र कनेक्टर काढूनही पाहा, कारण तुटलेला एनटीसी सर्किटला बर्फासारखा गार दिसतो आणि सप्लाय आनंदाने तापत राहतो. तुटलेल्या सेन्सरला बिघाड मानून बंद पडला तरच पास.

शेवटची पायरी: झाकण लावताना

चाचणीसाठी जे जे बदललं ते परत जागेवर आणायचं आहे: १.१ वर आणलेला ट्रिपचा रेफरन्स, काढलेला फीडबॅक जंपर, शून्याला बांधलेला इनपुट, ४७० किलोओहमचा लटकता रेझिस्टर. हे बदल करतानाच एका कागदावर लिहा आणि परत करताना एकेक खोडा. रेफरन्स परत ३.३ वर आणल्यावर सेकंडरी इंजेक्शन पुन्हा एकदा करा, मग ट्रिमपॉटवर लाखेचा थेंब टाका.

वहीत प्रत्येक ट्रिपचा ठरलेला आकडा, मिळालेला आकडा, उशीर, तारीख आणि त्या दिवसाची आर्द्रता लिहा. पावसाळ्यातली आणि उन्हाळ्यातली मापं शेजारी ठेवली की गळती कुठे आहे ते आपसूक दिसतं. मल्टिप्लायर, डिव्हायडर किंवा कंट्रोल कार्ड यांपैकी काहीही बदललं तर सगळ्या चाचण्या पहिल्यापासून.

झाकणाचे स्क्रू आवळून झाले की इंटरलॉकची चाचणी परत एकदा, या वेळी झाकणासकट. झाकण बसवताना स्विचची पट्टी वाकणं किंवा वायर चेपली जाणं नेहमीचंच आहे, आणि ते उघड्या सप्लायवर केलेल्या चाचणीत दिसत नाही.